मालमत्तेचा हक्क आणि मराठवाड्यातील जमीन : एका मताचे परीक्षण

खाजगी मालमत्तेचा हक्क आणि शासनसत्तेच्या मर्यादा यांविषयी महाराष्ट्रात जी चर्चा झाली, तीत शेतकरी चळवळीतून पुढे आलेले एक मत विशेष विचारार्ह आहे. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३१-ब व नववे परिशिष्ट घटनेत समाविष्ट झाले. त्या परिशिष्टातील कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आधारे आव्हान देण्याचा मार्ग बंद झाला. आणि शेतकऱ्याच्या पारतंत्र्याचा आरंभ तेथूनच झाला, असे या मताचे थोडक्यात स्वरूप आहे. शरद जोशी यांनी शेतकरी संघटनेच्या व्यासपीठावरून मालमत्तेच्या हक्काचा आग्रह धरला. पुढे अंबाजोगाईचे अमर हबीब यांच्या किसानपुत्र आंदोलनाने कमाल जमीनधारणा, आवश्यक वस्तू व भूसंपादन या विषयांवरील कायदे रद्द करण्याची मागणी करून या मताला रेखीव रूप दिले. मत मराठवाड्याच्या भूमीतून बळ घेऊन उभे राहिले असल्याने त्याची कसोटीही त्याच भूमीवर लागावी, हे न्याय्य ठरेल. त्यासाठी नांदेड आणि १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात मोडणारा लातूर हा मुलूख सोयीचा आहे.

प्रथम त्या परिशिष्टाकडेच पाहावे. १९५१ साली त्यात तेरा कायदे होते. त्यांपैकी बारावा व तेरावा हे दोन्ही हैदराबाद संस्थानातील आहेत : एक १३५८ फसलीचा जहागिरी नष्ट करणारा आणि दुसरा १३५९ फसलीचा, जहागीरदारांना द्यावयाच्या रकमेसंबंधीचा. निजामाच्या राज्यात सर्फ-ए-खास व जहागिरी मिळून सुमारे चार-दशांश क्षेत्र दिवाणीच्या बाहेर होते. या क्षेत्रातील रयतेच्या दृष्टीने १९४९ चा कायदा हा मालमत्तेवरील घाला नव्हता. जहागीरदाराचा वसुलीचा अधिकार त्याने संपविला आणि रयतेचा शासनाशी सरळ संबंध जोडला. ज्या परिशिष्टास शेतकऱ्याच्या पायातील बेडी म्हटले जाते, त्याच्या पहिल्याच यादीत मराठवाड्याच्या रयतेची एक जुनी बेडी तोडणारा कायदा आहे. या गोष्टीची दखल हे मत घेत नाही. दिल्लीतील घटनात्मक वादापासून विवेचनास आरंभ केला म्हणजे असे होते.

हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९५० साली झाला. १९६४ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने तोही नवव्या परिशिष्टात गेला. या कायद्याने संरक्षित कुळांचा वर्ग निर्माण केला व पुढे त्यांना मालकीचा मार्ग मोकळा केला. मराठवाड्यात आज जो सातबारा अभिमानाने दाखविला जातो त्याच्या मागे १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक असते आणि त्याही मागे उर्दूतील सेतवार वा मुंतखब. हे कागद एकापुढे एक ठेवून वाचणाऱ्या अभ्यासकास दिसून येते की येथील अनेकांची मालकी शासनाने दुसऱ्या कोणाच्या मालकीला मर्यादा घातल्यामुळेच जन्मास आली. शासनसत्ता व मालमत्ता ही दोन परस्परविरोधी तत्त्वे आहेत असे धरून चालणाऱ्या मताला या इतिहासाचा उलगडा करता येत नाही.

येथे अ. म. खुस्रो यांच्या १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. जहागिरी निर्मूलन व जमीनसुधारणांच्या परिणामांची त्यांनी जुन्या हैदराबाद राज्यात पाहणी केली. १९५१ च्या दर शंभर संरक्षित कुळांपैकी चारच वर्षांनी सुमारे ४५ कुळे त्या नात्याने टिकली होती व सुमारे १२ मालक झाली होती. सुमारे २२ कुळे बेकायदा बेदखल झाली होती आणि १७ हून अधिक कुळांनी जमीन ‘स्वखुशीने’ सोडली होती. कायदेशीर रीतीने निघालेली कुळे जेमतेम तीन भरत नाहीत. ‘स्वखुशी’ हा शब्द किती भार वाहतो हे मराठवाड्यातील वाचकास सांगावे लागू नये. या कुळांच्या हातची जमीन घेतली ती शासनाने नव्हे. गावच्या बलवंताने ती घेतली आणि शासन पाहत राहिले. म्हणजे येथे अपाय झाला तो सत्तेच्या अतिरेकाने नव्हे, तिच्या अभावाने. मालमत्तेला भय केवळ सरकारचे असते हे गृहीतक या आकड्यांपुढे टिकत नाही.

तथापि या मताची सर्वस्वी उपेक्षा करणेही अन्यायाचे होईल. शासनाने दिले, पण पूर्ण दिले नाही, हा त्यातील आक्षेप साधार आहे. कूळकायद्याने मिळालेली जमीन हस्तांतरित करण्यास त्याच अधिनियमाच्या कलम ५०-ब अन्वये जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागे; दहा वर्षे उलटल्यावर आकाराच्या चाळीसपट रक्कम भरून ही अट टाळण्याची सवलत २०१४ साली मिळाली. एवढा दीर्घ काळ मालक हा अर्धा मालकच राहिला. दात्याची भूमिका शासनास एकदा रुचली की ती सुटत नाही, असे म्हणावयास येथे जागा आहे. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला गेला व अनुच्छेद ३००-अ च्या आधारे तो केवळ घटनात्मक हक्क उरला, हेही खरे.

मग मर्यादा कोठे शोधावयाची? ती मालमत्तेच्या पावित्र्यात शोधण्यापेक्षा घेण्याच्या प्रयोजनात व रीतीत शोधणे अधिक सयुक्तिक दिसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागातील अनेक गावे नव्या जागी वसविण्यात आली व त्यासाठी शेतजमीन घ्यावी लागली. जमीन कोणाची गेली आणि घर कोणाचे झाले हे तेथे डोळ्यांसमोर होते. प्रयोजनाविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. वाद उद्भवले ते मोबदल्याचे व वाटपाचे. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाचे तसे नाही. सुमारे ८०२ किलोमीटरांच्या या योजनेची २०२४ साली जी आखणी जाहीर झाली ती नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांतून जाणारी होती, आणि तिला येथून कोल्हापूरपर्यंत विरोध झाला. येथे प्रयोजन हाच वादाचा विषय होता. पण २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील सामाजिक परिणामांच्या अभ्यासाची तरतूद अशा मार्गांना लागत नाही. २०१८ च्या राज्य दुरुस्तीने महाराष्ट्र महामार्ग अधिनियमाखालील संपादन तीतून वगळले आहे. प्रयोजन जेथे सर्वांत संदिग्ध तेथेच ते तपासण्याची पायरी गाळलेली, अशी ही स्थिती आहे. आश्चर्य याचे, की नवव्या परिशिष्टावर इतका भर देणाऱ्या लेखनात या साध्या राज्य दुरुस्तीला फारच थोडी जागा मिळते.

कोलकाता महानगरपालिका विरुद्ध बिमलकुमार शाह या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये अनुच्छेद ३००-अ चे जे विश्लेषण केले ते या संदर्भात मोलाचे आहे. केवळ मोबदला दिल्याने संपादन वैध होत नाही. पूर्वसूचना, म्हणणे ऐकून घेणे, सकारण निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, वाजवी भरपाई, कार्यक्षम प्रक्रिया व तिची परिपूर्ती अशी सात अंगे न्यायालयाने त्यात पाहिली. मूलभूत हक्क गेला म्हणून सर्व गेले, या विधानास त्यामुळे मुरड घालावी लागते.

सामाजिक परिणामांचा अभ्यास गाळण्याचा तोटा सातबारावाल्यापेक्षाही अधिक होतो तो ज्याचे नाव सातबारावर नाही त्याचा. मराठवाड्यात गायरान कसणारी दलित व भूमिहीन कुटुंबे गावोगाव आहेत. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ साली केला. तरी अनेकांच्या नावे जमीन चढली नाही. रस्त्याची आखणी गायरानातून गेली तर कागदोपत्री ती शासनाचीच जमीन. सूचना द्यावयाची ती कोणास, हा प्रश्नही उद्भवत नाही. खाजगी मालमत्तेच्या हक्काचा पुरस्कार करणारे मत या कसणाऱ्यास मालक मानणार की अतिक्रमक, याचे उत्तर त्या मताच्या पुरस्कर्त्यांनी अद्याप द्यावयाचे आहे.