दोघींचं गप्प राहणं आणि तुमची प्रश्नावली

पेट निघाली, गाइड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचाय. अशा वेळी एक विषय हमखास समोर येतो. समजा तो असा आहे: ‘पैठण तालुक्यातील नागरिकांमध्ये पोलीसविषयक कायदेशीर जागरूकता: एक अभ्यास’. समाजोपयोगी दिसतो, क्षेत्र घराजवळचं, आरआरसीत फारसं कुणी अडवणार नाही. मग प्रश्नावली. ‘अटकेचं कारण विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे, हे माहीत आहे का? हो / नाही / काही प्रमाणात.’ तीनशे लोकांकडून भरून घ्यायची, टक्केवारी काढायची, काई-वर्ग लावायचा आणि शेवटी लिहायचं की जागरूकता कमी आहे, शिबिरं घ्यावीत. हा निष्कर्ष प्रश्नावली छापण्याआधीच तयार असतो, हे तुम्हालाही माहीत आहे.

ज्या पत्रकांवरून असे प्रश्न उचलले जातात, त्यांतला मजकूर चुकीचा नाही. पोलिसांनी थांबवलं तर पळू नका, आवाज चढवू नका, नावाची पट्टी पाहून ठेवा, कारण विचारा. अटक झालीच तर नातेवाइकाला कळवायला सांगा, आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणं बंधनकारक आहे हे लक्षात ठेवा. यातलं बरंचसं डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये घालून दिलेल्या अकरा निर्देशांत आहे. मात्र ते निर्देश पोलिसांना दिलेले होते. आपली पत्रकं तेच उलटं करून नागरिकाने कसं वागावं याचे नियम बनवतात. जबाबदारी एका खांद्यावरून दुसऱ्यावर जाते, आणि वाचताना ते जाणवतही नाही.

नागरिक नीट वागला की पुढचं नीट होतं, असं या सगळ्यात गृहीत धरलेलं आहे. हे गृहीतक तपासायचं असेल तर 1978 सालचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचा. दोन्ही सर्वोच्च न्यायालयाचे. दोन्हींत एक बाई पोलिसांसमोर आहे आणि गप्प आहे.

पहिला एप्रिलमधला, नंदिनी सत्पथी यांचा. त्या ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री. चौकशीसाठी त्यांना कटकच्या दक्षता विभागाच्या पोलीस ठाण्यात बोलावलं, लेखी प्रश्नांची यादी पुढे ठेवली, आणि त्यांनी उत्तरं द्यायला नकार दिला. न्या. कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालात त्या नकाराला संविधानाच्या कलम 20(3)चा आधार मिळाला. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क पोलीस तपासापासूनच सुरू होतो, असं न्यायालय म्हणालं. शिवाय, स्त्रीला जबाबासाठी तिच्या राहत्या जागेशिवाय दुसरीकडे बोलावता येत नाही, हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 160चा नियम मोडल्याबद्दल पोलिसांना सुनावलंही.

दुसरा त्याच वर्षीच्या 15 सप्टेंबरचा, तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. आपण त्याला मथुरा खटला म्हणतो. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आज गडचिरोलीत आहे. 26 मार्च 1972च्या रात्री घरच्या तक्रारीवरून जबाबासाठी एका आदिवासी मजूर मुलीला तिथल्या ठाण्यात आणलं गेलं. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. जबाब झाल्यावर नातेवाइकांना बाहेर पाठवून तिला आत थांबवून घेतलं, आणि ठाण्यातच तिच्यावर अत्याचार झाल्याचा खटला दोन पोलिसांवर उभा राहिला. सत्र न्यायालयाने 1974 मध्ये दोघांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये शिक्षा दिली, आणि भीतीने हतबल होऊन गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असा स्पष्ट फरक केला. सर्वोच्च न्यायालयाने तो फरक पुसून टाकला. अंगावर जखमा नाहीत. हात धरला तेव्हा तिने तो झटकला नाही, जवळच्या माणसांना हाक मारली नाही, निमूट मागे गेली. म्हणून विरोधाची गोष्ट खरी नाही. आरोपी सुटले.

थोडा वेळ कायदा बाजूला ठेवा आणि हा निकाल एक मजकूर म्हणून वाचा. भेदरलेल्या माणसाने पोलिसांसमोर कसं वागलं असतं तर आम्ही विश्वास ठेवला असता, याचं वर्णन त्यात आहे. हात झटकायचा, ओरडायचं. आणि आपलं पत्रक काय सांगतं? शांत राहा, प्रतिकार करू नका. ती मुलगी पत्रकाप्रमाणेच वागली होती, आणि तेच तिच्याविरुद्ध गेलं. पाचच महिन्यांपूर्वी एका माजी मुख्यमंत्र्यांचं मौन हक्क ठरलं होतं. इथे मौनाचा अर्थ संमती असा लावला गेला. दोन खटल्यांत कायद्याचे प्रश्न वेगळे होते, हा आक्षेप कुणी घेईल आणि तो बरोबर आहे. पण ठाण्याच्या भिंतींची माणसावर काय दहशत असते, हे न्यायालयाला एप्रिलमध्ये कळलेलं होतं, एवढं तरी मान्य करावं लागेल.

ही विसंगती पहिल्यांदा दाखवण्याचं श्रेय उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चौघांचं. 16 सप्टेंबर 1979 रोजी त्यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यानंतर देशभर आंदोलनं झाली आणि 1983 मध्ये कायदा बदलला. न्यायालयाने काय काय लक्षात घेतलं नाही, हे त्या पत्रात मोजून सांगितलंय: तिची गरिबी, वय, हक्कांविषयीचं अज्ञान, वकिलाचा अभाव, आणि ठाण्यात गरिबाच्या मनात असणारी धास्ती. आता तुमची प्रश्नावली काढा. या पाचांतलं एकच तिच्यात आहे, अज्ञान. कारण ते मोजायला सोपं. उरलेली चार ‘वैयक्तिक माहिती’ या रकान्यात उत्पन्न आणि वय म्हणून पडून आहेत, आणि धास्तीला तर रकानाच नाही.

मग पैठणमध्ये काय करता येईल? बरंच काही. नाथषष्ठीच्या बंदोबस्तात एकाच बॅरिकेडपाशी दिंडीतला वारकरी, गाडीवाला पुढारी, एमआयडीसीतून रात्रपाळी करून आलेला कामगार आणि पारधी कुटुंब येऊन थांबतात. ‘का अडवलं साहेब?’ हे एकच वाक्य प्रत्येकाच्या तोंडी कसं ऐकलं जातं, ते पाहा. 1871च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं आणि 1952 मध्ये मुक्त केलं, त्यांच्या प्रश्नाला आजही उद्धटपणा समजलं जातं का, हा खरा संशोधनप्रश्न आहे. आणि सत्तेपुढे बोलण्याच्या भाषेचा इतिहास हवा असेल तर फार लांब जाऊ नका. एकनाथांच्या भारुडांत ‘अर्जदस्त’, ‘ताकीदपत्र’, ‘अभयपत्र’ आहेत. सरकारदरबारच्या कागदाचा साचा घेऊन केलेल्या त्या रचना आहेत. अर्ज कसा करायचा, कुणापुढे किती वाकायचं, हे सोळाव्या शतकातल्या पैठणच्या श्रोत्याला इतकं पाठ होतं की त्याचं रूपक करता आलं.

एक व्यावहारिक गोष्ट. क्षेत्रकार्याला जाताना तुमच्या खिशात विद्यापीठाचं पत्र असेल. तुमच्याशी ठाण्यात नीट बोललं जाईल, खुर्चीही मिळेल. ते निरीक्षण म्हणून वहीत लिहा, पण त्या पत्रासकट लिहा.

कलम 160 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 179 झालंय, 1 जुलै 2024 पासून. स्त्रिया आणि पंधरा वर्षांखालील मुलांबरोबर साठीपुढचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्तीही त्यात येतात. सिनॉप्सिसमध्ये जुना क्रमांक टाकू नका, तिथे हमखास विचारतात.

दोन्ही निकाल मोफत मिळतात. सत्पथी निकालाचं इंग्रजी अवघड आहे, दोन बैठका लागतील. तुकाराम निकाल छोटा आहे. तो वाचताना हातात पेन्सिल ठेवा. मुलीच्या वागण्याविषयीच्या वाक्यांखाली एक रेघ मारा, पोलिसांच्या वागण्याविषयीच्या वाक्यांखाली दोन. मग मोजा.