सोपी फायरवॉल आणि तिचा अर्धवट अहवाल

मागच्या वेळी आपण आयपीटेबल्सचे नियम हाताने लिहून पाहिले. शेवटी बऱ्याच जणांनी विचारलं, की यूएफडब्ल्यू असताना एवढा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर देऊ, म्हणजे यूएफडब्ल्यूचं थोडं कौतुक करू आणि बरीचशी टीका.

कौतुक आधी. २००८ साली उबुंटू ८.०४ सोबत हे साधन आलं. गुंतागुंत नसलेली फायरवॉल, असा दावा त्याच्या नावातच आहे आणि तो बराचसा खराही आहे. आयपीटेबल्समध्ये ज्याला लांबलचक ओळ लागते, ते इथं 'यूएफडब्ल्यू अलाउ २२' एवढ्यात होतं. चालू केलं की बाहेरून येणारं बंद, आतून जाणारं सुरू. घरच्या लॅपटॉपला एवढं पुरे. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचमधून चालू करताना जोडणी तुटू शकते, असा इशाराही ते देतं.

आता टीका. मुळात यूएफडब्ल्यू ही फायरवॉल नव्हेच. पॅकेट अडवतो किंवा सोडतो तो कर्नेलमधला नेटफिल्टर. यूएफडब्ल्यू हा त्याच्या वहीत नियम लिहून देणारा कारकून. आणि त्या वहीत लिहिणारा तो एकटाच नाही.

हे आम्ही ठेच लागूनच शिकलो. एका सर्व्हरवर डॉकरमध्ये पोस्टग्रेस चालवला होता, पोर्ट ५४३२. यूएफडब्ल्यू चालू, त्या पोर्टला परवानगी दिलेली नाही, स्टेटस बघितलं तर सगळं ठीकठाक. आम्ही निर्धास्त. मग सहज दुसऱ्या मशीनवरून एनमॅप लावला, तर पोर्ट सताड उघडा!

असं का झालं? यूएफडब्ल्यूचे आपण लिहितो ते नेहमीचे नियम इनपुट साखळीच्या वाटेवर बसतात, म्हणजे खुद्द त्या मशीनसाठी आलेल्या पॅकेटांवर. डॉकरने पोर्ट प्रकाशित केला, की तो नॅट टेबलमध्ये स्वतःचा नियम घालतो. पॅकेट आत शिरतानाच त्याचा पत्ता बदलून कंटेनरचा होतो. मग ते इनपुटकडे वळतच नाही, फॉरवर्डच्या वाटेने जातं. पहारेकरी पुढच्या दारात उभा, आणि पाहुणे बोळातून घरात.

कुणी म्हणेल, दोष डॉकरचा. आहेच. पत्ता न सांगता पोर्ट प्रकाशित केला तर तो सगळ्या इंटरफेसवर उघडतो, ही सवय वाईटच. पण निदान डॉकरच्या दस्तऐवजात यूएफडब्ल्यूशी जमत नाही हे स्पष्ट लिहिलंय. आमची यूएफडब्ल्यूबद्दलची तक्रार वेगळी आहे. त्याचं स्टेटस आपण काय लिहिलं तेवढंच सांगतं, कर्नेल प्रत्यक्षात काय करतोय ते सांगत नाही. वाचणारा मात्र दुसरंच समजतो. सोपेपणाची ही किंमत आहे, आणि ती नवशिक्यालाच मोजावी लागते.

मग करायचं काय? यूएफडब्ल्यू काढून टाका, असं आम्ही म्हणत नाही. तीन गोष्टी करा. पहिली, कंटेनरचा पोर्ट बाहेर लागणार नसेल तर तो १२७.०.०.१ वरच प्रकाशित करा. दुसरी, बाहेर उघडायचाच असेल आणि कुणाला येऊ द्यायचं ते ठरवायचं असेल, तर नियम डॉकर-यूझर या साखळीत घाला, ती त्यासाठीच ठेवलेली आहे. तिसरी, स्टेटसवर विसंबू नका. 'एनएफटी लिस्ट रूलसेट' देऊन वही स्वतः वाचा. डेबियन १० पासून आयपीटेबल्सची आज्ञासुद्धा मागे एनएफटेबल्समध्येच लिहिते, त्यामुळे डॉकरचं हस्ताक्षरही तिथं दिसेल. आणि शेवटी दुसऱ्या मशीनवरून पोर्ट तपासाच.

दाराला कुलूप लागलंय की नाही, हे बाहेर जाऊन ओढून बघितल्याशिवाय कळत नाही. आज घरी गेल्यावर आपापल्या सर्व्हरवर एवढं कराच. काय सापडलं, ते पुढच्या वेळी ऐकू.