ऑपेरा आणि मराठी संगीत नाटक : कर्तृत्वाचा प्रश्न

बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'संगीत शाकुंतला'चे पहिले चार अंक ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात रंगभूमीवर आले. या नाट्यप्रकाराला 'मराठी ऑपेरा' म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. दोन्हींकडे गाणारी पात्रे आहेत, पुराणकथांची ओढ आहे आणि गायकांवर लुब्ध झालेला प्रेक्षकवर्गही आहे. तथापि कृतीचा कर्ता कोण, कंठांची योजना कशी होते आणि कृती कोणत्या रूपात टिकते, हे तीन प्रश्न विचारले म्हणजे या साम्याची मर्यादा कळते. संगीत नाटकाच्या अभ्यासातून काय निसटते, तेही त्याबरोबरच ध्यानात येते.

ऑपेराचा उगम सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्लॉरेन्समधील विद्वानांच्या एका समजुतीत आहे. प्राचीन ग्रीक शोकनाट्य गायिले जात असे, असे मानून त्यांनी त्याच्या पुनरुज्जीवनाचा यत्न केला. मोंतेव्हेर्दीच्या 'ऑर्फेओ'ने (१६०७) या यत्नास कलाकृतीची प्रतिष्ठा दिली. कथानक पुढे नेणारे संभाषणवजा गायन आणि भावना विस्ताराने मांडणारे 'आरिया' हे स्वतंत्र गीत, हे ऑपेराचे दोन आधारस्तंभ होत. विषय मात्र पालटत गेले. ग्रीक देवतांच्या जागी मोत्सार्टच्या 'फिगारो'त (१७८६) धन्यावर मात करणारा सेवक आला, व्हेर्दीच्या 'ला त्राव्हियाता'त (१८५३) पॅरिसमधील गणिका आली आणि बिझेच्या 'कार्मेन'मध्ये (१८७५) तंबाखूच्या कारखान्यातील कामकरीण नायिका झाली.

ऑपेरात सारेच गायिले जाते आणि संगीत नाटकात गद्यही असते, हा भेद पुष्कळदा निर्णायक मानला जातो. तो तसा नाही. मोत्सार्टच्या 'मॅजिक फ्लूट'मध्ये (१७९१) गद्य संवाद आहेतच. खरा भेद कर्तृत्वाचा आहे. 'रिगोलेत्तो'चे (१८५१) कथानक ह्यूगोच्या नाटकावरून घेतलेले, संहिता पिआव्हेची. पण जग त्या कृतीस व्हेर्दीचीच म्हणते. उलट 'स्वयंवर' (१९१६) हे खाडिलकरांचे नाटक होय. भास्करबुवा बखले यांनी ख्यालगायकीतील चिजांच्या आधारे दिलेल्या चालींनी त्याला अपूर्व रूप आले, तरी वाङ्मयेतिहासात बुवांचा उल्लेख ओझरता होतो. येथे पद बहुधा आधी असलेल्या चालीवर बेतले जाई. किर्लोस्करांनी साकी, दिंडी, लावणी व कीर्तनातील चाली घेतल्या. गोविंदराव टेंबे यांनी 'मानापमाना'त (१९११) पूरबी ठुमरी-दादऱ्याचा ढंग आणला. मराठी संगीतकाराचे कर्तृत्व नवनिर्मितीपेक्षा निवडीत व औचित्यात अधिक दिसते, आणि निवड हेही कर्तृत्वच आहे.

कंठांच्या बाबतीतही हीच गोष्ट. सोप्रानो, मेझो-सोप्रानो व काँट्राल्टो हे स्त्रीकंठाचे आणि टेनर, बॅरिटोन व बास हे पुरुषकंठाचे उतरत्या क्रमाने प्रमुख प्रकार होत. कोणत्या भूमिकेला कोणता कंठ, हे संगीतकार आधीच लिहून ठेवतो. 'रिगोलेत्तो'तील प्रसिद्ध चतुष्कात विलासी सरदार, त्याची नवी सखी, फसविली गेलेली गिल्डा आणि तिचा संतप्त पिता हे चौघे चार पट्ट्यांत, चार भिन्न भावनांनी एकाच वेळी गातात. रागसंगीताची प्रकृती एकस्वरी असल्याने असे दृश्य संगीत नाटकात संभवत नाही. तेथे एकच भाव एकाच गळ्यातून उलगडत जातो. नायक व नायिका यांच्या पट्टीत अंतर असलेच पाहिजे, असा नियमही येथे नव्हता. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेल्या संयुक्त 'मानापमाना'त धैर्यधर झालेले केशवराव भोसले आणि भामिनी झालेले बालगंधर्व यांच्यांतील भेद श्रोत्यांना जाणवला तो गायकीचा होता. युरोपातही अठराव्या शतकात फारिनेलीसारखे, बालपणीच खच्ची केलेले गायक वीरनायकांची गाणी स्त्रीसदृश उंच स्वरात गात असत. तात्पर्य, कंठ आणि लिंग यांचा संबंध रंगभूमीवर सर्वत्र संकेतानेच ठरतो.

गायकाची सत्ता वाढली की नाट्य मागे पडते, हा अनुभवही दोन्हींकडे आला. ग्लूकने 'आल्चेस्ते'च्या प्रस्तावनेत (१७६९) गायकांच्या मिरवण्याविरुद्ध आवाज उठविला. मराठीत 'वन्समोअर'च्या अतिरेकानंतर 'आंधळ्यांची शाळा' (१९३३) या नाटकाने गीतांची संख्या आटोक्यात आणली. परंतु ग्लूक संगीताच्या साहाय्याने संगीत सुधारू पाहत होता. मराठी सुधारणेचा रोख मुख्यतः पदे कमी करण्याकडे राहिला. चतुष्काची सोय नसलेल्या रंगभूमीला एकाच गळ्याच्या विस्तारातून नाट्य कसे साधता येईल, हा प्रश्न त्यामुळे बाजूला पडला.

शेवटचा प्रश्न टिकण्याचा. 'ऑर्फेओ'ची स्वरलिपी १६०९ मध्येच छापली गेली. म्हणून चार शतकांनंतरही ती कृती उभी करता येते. 'सौभद्रा'च्या (१८८२) पुस्तकात पदाच्या शिरोभागी केवळ 'चाल' म्हणून जुन्या गीताचे आरंभीचे शब्द आढळतात. ते गीत विस्मरणात गेले की निर्देश मुका होतो. सुभद्रेच्या भूमिकेने ख्यात झालेले भाऊराव कोल्हटकर १९०१ साली निवर्तले आणि भारतात ध्वनिमुद्रणास आरंभ झाला तो १९०२ साली. तो आवाज एका वर्षाच्या अंतराने कायमचा हुकला. पुढील पिढीच्या तबकड्या उपलब्ध आहेत, पण सुमारे तीन मिनिटांच्या तबकडीत रंगमंचावरील विस्तार मावणे शक्य नव्हते.

म्हणून संगीत नाटकाचे छापील पुस्तक ही संपूर्ण कृती नव्हे. ते तिचे अर्धे अंग होय. मराठीच्या अभ्यासक्रमात 'सौभद्र' वा 'स्वयंवर' केवळ वाचून त्याचे परीक्षण करणे, हे केवळ पिआव्हेची संहिता वाचून 'रिगोलेत्तो'वर अभिप्राय देण्यासारखे आहे. चालींचे मूळ शोधणे, उपलब्ध मुद्रणांची पदवार नोंद करणे आणि परंपरेने गाणाऱ्यांकडून पाठभेद टिपून घेणे, ही कामे वाङ्मयाच्या अभ्यासकाने आपलीच मानली पाहिजेत. ऑपेराशी केलेल्या तुलनेचा खरा लाभ संगीत नाटकाला परके नाव देण्यात नसून या कर्तव्याची जाणीव होण्यात आहे.