इंग्रजी संबंधी उपवाक्यांतील वृत्तिवाचक क्रियापदे : एक दुर्लक्षित संधिस्थान

इंग्रजी व्याकरणाच्या अध्यापनात दोन प्रकरणे एकमेकांपासून दूर ठेवण्याचा प्रघात पडून गेला आहे. एका प्रकरणात 'कॅन', 'मे', 'मस्ट', 'शॅल', 'विल' ह्या वृत्तिवाचक साहाय्यक क्रियापदांचे अर्थ एकामागून एक सांगितले जातात. दुसऱ्यात 'हू', 'विच', 'दॅट' यांनी आरंभ होणाऱ्या संबंधी उपवाक्यांची रचना सांगितली जाते. हा दुरावा केवळ शालेय पुस्तकांत आहे असे नाही. येस्पर्सनच्या बृहद् व्याकरणातही संबंधी उपवाक्यांचे विवेचन 1927 च्या तिसऱ्या भागात आणि 'विल' व 'शॅल' यांचे 1931 च्या चौथ्या भागात येते. ग्रंथाच्या सोयीसाठी अशी विभागणी करावीच लागते. तथापि क्रियापदाचा अर्थ प्रधान वाक्यात ठरवावयाचा आणि तोच उपवाक्यात जसाच्या तसा नेऊन बसवावयाचा, ही जी सवय त्यातून लागते ती सदोष आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम एक उदाहरण घेऊ. 'अ टर्म विच मे एक्स्टेंड टू थ्री इयर्स' हा शब्दसमूह भारतीय दंडविधानाच्या इंग्रजीत पदोपदी आढळतो. 1860 च्या दंडसंहितेत चोरीच्या शिक्षेचे कलम 379 होते, त्यात तो होता. 1 जुलै 2024 पासून त्या संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्येही तो आहे. ह्याचे भाषांतर 'जी मुदत तीन वर्षांपर्यंत वाढू शकते' असे करण्याकडे विद्यार्थ्यांचा सहज कल होतो. 'मे' म्हणजे 'शकणे' आणि 'एक्स्टेंड' म्हणजे 'वाढणे', हे दोन्ही अर्थ कोशाला धरून आहेत. परंतु वाक्य चुकले आहे. त्यावरून असा ग्रह होतो की, शिक्षा एकदा ठरते आणि मागाहून ती वाढण्याचा संभव असतो. ज्याच्यावर खटला चालू आहे त्या मनुष्याच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हे. आपल्या कायद्याच्या मराठीत 'तीन वर्षांपर्यंत असू शकेल इतक्या मुदतीची' अशा वळणाची जी रचना रूढ झाली आहे, ती क्लिष्ट वाटली तरी अर्थाने अचूक आहे. ती अचूक का, ह्या प्रश्नाचे उत्तर दोन प्रकरणांपैकी कोणत्याही एकात मिळत नाही.

संबंधी उपवाक्ये दोन जातींची असतात हे सर्वपरिचित आहे. काही नामाची व्याप्ती मर्यादित करून ते कोणते हे ओळखवितात. काही आधीच ओळखलेल्या नामाविषयी अधिक माहिती जोडतात. हडल्स्टन व पुलम यांनी 2002 च्या आपल्या व्याकरणात पहिल्या जातीस वाक्यात मिसळलेली व दुसरीस पुरवणीची अशा आशयाची नावे दिली आहेत. वृत्तिवाचक क्रियापदांच्या अर्थाचेही दोन मोठे वर्ग मानले जातात. वक्त्याचे अनुमान दर्शविणारा एक. आणि कर्तव्य, अनुज्ञा, सामर्थ्य दर्शविणारा दुसरा. जेनिफर कोट्स यांच्या 1983 च्या ग्रंथाची मांडणी ह्याच भेदावर उभी आहे. आता हे दोन भेद एकमेकांवर ठेवून पाहावे. 'माय ब्रदर, हू मस्ट बी अ‍ॅट द स्टेशन बाय नाऊ, हॅज द टिकेट्स' ह्या वाक्यात 'मस्ट' अनुमानवाचक आहे. भाऊ एव्हाना स्थानकावर पोहोचला असला पाहिजे, असा वक्त्याचा तर्क आहे. ह्याउलट 'पॅसेंजर्स हू मस्ट बी अ‍ॅट द स्टेशन बाय सिक्स शुड लीव्ह नाऊ' ह्यात तेच 'मस्ट' कर्तव्यवाचक होते. ज्यांना सहा वाजेपर्यंत पोहोचणे भाग आहे ते उतारू. क्रियापद बदलले नाही. उपवाक्याचे कार्य बदलले. पुरवणीचे उपवाक्य हे जवळजवळ स्वतंत्र विधान असल्यामुळे त्यात वक्त्याच्या तर्कास जागा असते. मर्यादा घालणाऱ्या उपवाक्याचे काम नाम ओळखविण्याचे असते, आणि वक्त्याच्या मनातील निष्कर्ष ही श्रोत्याला ओळख पटविणारी खूण सहसा होऊ शकत नाही.

येथे एक सावधगिरी अवश्य आहे. ह्यावरून 'मर्यादक उपवाक्यात अनुमानवाचक अर्थ येतच नाही' असा सरसकट नियम काढण्याचा मोह होतो. तो टिकणारा नाही. 'एनीवन हू मे हॅव टच्ड द वायर मस्ट सी अ डॉक्टर' हे वाक्य निर्दोष आहे, आणि त्यातील 'मे' केवळ शक्यता सांगते. कारण येथे शक्यता हीच वर्गाची खूण आहे. ज्यांनी तारेला हात लावला असण्याचा संभव आहे ते सारे एका वर्गात येतात. 'मस्ट' एका निष्कर्षावर येऊन थांबते. 'मे' एक क्षेत्र आखून देते, आणि क्षेत्र आखणे हेच मर्यादक उपवाक्याचे काम आहे. म्हणून नियम सबंध वर्गाचा न करता एकेका क्रियापदाचा करावा लागतो.

दुसरा प्रश्न नामाच्या निश्चितीचा आहे. 'आय हॅव अ क्लार्क हू कॅन रीड मोडी' आणि 'आय वाँट अ क्लार्क हू कॅन रीड मोडी' ह्या दोन वाक्यांत उपवाक्य अक्षरशः एकच आहे. मराठीत मात्र आपण पहिल्यासाठी 'मोडी वाचता येणारा कारकून माझ्याकडे आहे' असे म्हणतो आणि दुसऱ्यासाठी 'मोडी वाचता येईल असा कारकून हवा' असे म्हणतो. कारकून अस्तित्वात आहे की अद्याप शोधावयाचा आहे, हे मराठी 'येईल असा' ह्या रूपाने उपवाक्यातच सांगते. लॅटिन भाषाही अशा स्थळी क्रियापदाचा अर्थ पालटून हेच साधते. इंग्रजी हे काम प्रधान वाक्यातील 'हॅव' आणि 'वाँट' यांच्यावर सोपविते. यास्तव 'कॅन' हे येथे अनिश्चिततेचे चिन्ह आहे असे मानणे चूक ठरते; 'कॅन' काढून 'हू रीड्स मोडी' असे म्हटले तरी अनिश्चितता कायम राहते. भाषांतरकाराने 'कॅन'कडे टक लावून पाहिले तर त्याला 'येते' की 'येईल' हे कधीच कळणार नाही. त्याला उपवाक्याच्या बाहेर पाहावे लागेल.

तिसरे स्थळ अधिक मनोरंजक आहे. 'अ बुक टू रीड' ह्यात वृत्तिवाचक क्रियापद मुळी नाहीच. तरीही 'वाचावे असे' किंवा 'वाचता येईल असे' पुस्तक हा अर्थ त्यातून निघतो. उलट 'द फर्स्ट मॅन टू रीच द पोल' ह्यात असा कोणताही छुपा अर्थ नाही. तो मनुष्य प्रत्यक्ष पोहोचलेला आहे. राजेश भट्ट यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठास 1999 साली सादर केलेल्या प्रबंधात अशा अप्रकट वृत्तीचा सविस्तर विचार केला आहे. मराठी वाचकास हा भेद शिकवावा लागत नाही, कारण त्याच्या भाषेत तो प्रत्ययांनीच उघड होतो: 'वाचावयाचे पुस्तक', 'वाचण्याजोगे पुस्तक', परंतु 'ध्रुवावर पोहोचणारा पहिला मनुष्य'. इंग्रजीच्या एका 'टू'मध्ये मराठीची तीन रूपे दडलेली आहेत.

आता कायद्याच्या वाक्याकडे परत येऊ. त्याची ठेवण अशी असते: 'हूएव्हर' ने आरंभ होणाऱ्या उपवाक्यात साधा वर्तमानकाळ, प्रधान वाक्यात 'शॅल', आणि मुदत सांगणाऱ्या उपवाक्यात 'मे'. ही वाटणी योगायोगाची नव्हे. गुन्हा कोणता हे ओळखविणाऱ्या उपवाक्यात 'शॅल' घालू नये, त्याची जागा आज्ञेच्या वाक्यात आहे, असा आग्रह जॉर्ज कूड याने एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकातच धरला होता. 'शॅल' न्यायालयास बांधते: शिक्षा झालीच पाहिजे. 'मे'चा व्याकरणातील कर्ता 'मुदत' आहे. परंतु अनुज्ञा मुदतीस नसून न्यायाधीशास आहे. मुदत स्वतः वाढत नाही; तीन वर्षांच्या आत ती कितीही ठेवण्याची मोकळीक कायदा देतो. म्हणजे हे 'मे' एक क्षेत्र आखते, तारेच्या उदाहरणातील 'मे'ने आखले तसेच. फरक इतकाच की तेथे क्षेत्र शक्यतेचे होते, येथे अधिकाराचे आहे. जेथे किमान शिक्षा सांगावयाची असते तेथे त्याच नामास 'विच शॅल नॉट बी लेस दॅन' असे दुसरे उपवाक्य जोडले जाते आणि क्षेत्राची खालची कड निश्चित होते. शिवाय मुदत अजून ठरलेली नाही. कारकुनाप्रमाणे तीही शोधावयाची आहे. म्हणूनच मराठीत 'शकते' न येता 'शकेल' आले, आणि 'जी' न येता 'इतक्या' आले. 'शकेल'ने अनिश्चिती सांभाळली, 'इतक्या'ने मर्यादा सांभाळली.

ह्यावर असा आक्षेप येईल की, हे विवेचन इंग्रजी व्याकरणाचे नसून भाषांतराचे आहे. आक्षेपात तथ्य आहे. मराठीत दोन रूपे आहेत एवढ्यावरून इंग्रजीत दोन अर्थ सिद्ध होत नाहीत. परंतु 'मस्ट'चे उदाहरण मराठीच्या आधाराशिवायही उभे राहते. किंबहुना तेथे आपले 'पाहिजे' इंग्रजीइतकेच द्व्यर्थी आहे. मराठी येथे पुरावा म्हणून आणलेली नाही. कोठे पाहावे हे दाखविण्यासाठी आणली आहे.

तात्पर्य, उपवाक्यातील वृत्तिवाचक क्रियापदाचा अर्थ लावण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. उपवाक्य नाम ओळखविते की माहिती जोडते? नामाने दर्शविलेली वस्तू निश्चित आहे की अद्याप शोधावयाची आहे? आणि क्रियापदाने सांगितलेला अधिकार वा तर्क वस्तुतः कोणाचा आहे? ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर क्रियापदाच्या अर्थांच्या यादीत सापडत नाही. ती यादी पाठ करून परीक्षा उत्तीर्ण होता येते; कायद्याचे एक कलम मात्र बिनचूक वाचता येत नाही.