मूक वास्तवपटांचे ऐतिहासिक मूल्य

मूक वास्तवपट : चित्रपटाच्या प्रारंभकाळात दैनंदिन जीवनाचे प्रत्यक्ष चित्रण करणारे अल्पावधीचे पट. ल्यूम्येअर बंधूंनी १८९५ मध्ये ल्यों येथील आपल्याच कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार चित्रित केले, तेव्हापासून या प्रकाराचा आरंभ मानतात. असे पट हे इतिहासाचे नवे साधन असून त्यांचा सार्वजनिक संग्रह व्हावा, असे प्रतिपादन बोलेस्लाव्ह मातुशेव्हस्की या पोलिश छायाचित्रकाराने १८९८ मध्येच पॅरिस येथे केले होते. चलच्चित्राच्या सत्यतेविषयीचा त्याचा दृढ विश्वास मात्र आज तसाच स्वीकारता येत नाही. कामगारांच्या उपर्युक्त पटाच्याच तीन आवृत्त्या उपलब्ध आहेत.

या दृष्टीने सॅन फ्रॅन्सिस्कोतील मार्केट स्ट्रीटचा माइल्स बंधूंनी घेतलेला पट उद्बोधक आहे. केबलने ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या अग्रभागी कॅमेरा बसवून फेरी बिल्डिंगपर्यंतचा रस्ता त्यात सु. १३ मिनिटांत दाखविला आहे. घोडागाड्या, सायकली, मोटारी व वाटेल तेथे रस्ता ओलांडणारे पादचारी यांची अशी सरमिसळ लिखित वर्णनांतून क्वचितच प्रत्ययास येते. या पटाचा काळ दीर्घकाळ सप्टेंबर १९०५ मानला जाई. डेव्हिड कीन या अभ्यासकाने रस्त्यावरील पाण्याची डबकी, वृत्तपत्रांतील हवामानाच्या नोंदी व एका मोटारीचा नोंदणी क्रमांक ताडून पाहिला आणि १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपापूर्वी थोडेच दिवस हे चित्रण झाल्याचे दाखवून दिले. भूकंपात व त्यानंतरच्या आगीत नष्ट झालेल्या शहरभागाचे हे जवळजवळ अखेरचे दर्शन ठरते. मात्र याच पटात काही मोटारी कॅमेऱ्याला वळसा घालून पुनःपुन्हा समोर येतात. त्यांची मोजदाद करून रहदारीविषयी अनुमान काढणारा अभ्यासक फसेल. डबकी कोणी मांडून ठेवली नव्हती. मोटारी बहुधा मांडलेल्या होत्या. चित्रकाराचे ज्याकडे लक्षच नव्हते, अशा तपशिलालाच येथे पुराव्याचे वजन अधिक आहे.

इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथील मिचेल आणि केन्यन यांच्या सु. ८०० मूळ फिती १९९४ मध्ये एका दुकानाच्या तळघरात सापडल्या. जत्रेतील खेळवाल्यांसाठी काढलेल्या या पटांतील गिरणी-कामगार कॅमेऱ्याकडे पाहून हसतात, टोप्या हलवितात. त्यामुळे ते अस्सल नव्हेत, हा आक्षेप ग्राह्य वाटत नाही. आपले चित्र निघत असताना श्रमिक माणूस कसा वागतो, हीही इतिहासाची नोंदच होय. दोष असलाच तर पुढील काळातील प्रक्षेपणाचा आहे. सेकंदास सु. १६ चौकटींच्या वेगाने घेतलेले पट २४ च्या वेगाने दाखविल्याने त्या पिढीची चाल उगीचच हास्यास्पद ठरली.

भारतात ह. स. भाटवडेकर (सावे दादा) यांनी १८९९ मध्ये मुंबईतील कुस्तीचा सामना आणि पुढे रँग्लर र. पु. परांजपे यांचे १९०१ मधील स्वागत चित्रित केले. हे पट आज उपलब्ध नाहीत. नायट्रेटची फीत मुळातच नाशवंत व ज्वालाग्राही; त्यात ती जतन करण्याजोगी आहे, हे ध्यानात येण्यास आपल्याकडे फार उशीर झाला. परांजप्यांच्या स्वागताचा वृत्तांत लेखी साधनांतून जुळविता येतो. त्या गर्दीतील माणसे कशी उभी होती, पागोटी किती व टोप्या किती होत्या, हे मात्र आता कळण्यास मार्ग नाही.