परमेश्वरावर टाकलेला भार : दोन फिलिपिनो ग्रंथांच्या निमित्ताने

वसईच्या मातीत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया व्यापाराच्या निमित्ताने मनिलाला गेले आणि तेथेच फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. १५९३ मध्ये ते मनिलाहून जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर हुतात्मा झाले. त्यांचा सण आपण दरवर्षी भक्तिभावाने साजरा करतो. परंतु ज्या देशात त्यांना संन्यस्त जीवनाची वाट सापडली, त्या देशातील ख्रिस्ती बांधव आपल्या नित्याच्या जगण्याकडे श्रद्धेच्या दृष्टीने कसे पाहतात, याची विचारपूस आपण क्वचितच करतो. म्हणून येथे दोन फिलिपिनो ग्रंथांचा परामर्श घ्यावयाचा आहे.

पहिला ग्रंथ येशूसंघीय धर्मगुरू व मानसशास्त्रज्ञ फादर हायमे बुलाताओ यांचा. ‘स्प्लिट-लेव्हल ख्रिश्चॅनिटी’ हे त्यांचे छोटेखानी पुस्तक १९६६ साली प्रसिद्ध झाले. त्यातील कल्पनेला आपण ‘दुमजली ख्रिस्ती जीवन’ म्हणू या. वरच्या मजल्यावर धर्मशिक्षणात शिकलेली तत्त्वे नीटनेटकी मांडून ठेवलेली असतात. खालच्या मजल्यावर मात्र घरातून आणि समाजातून आलेल्या सवयींप्रमाणे व्यवहार चालतो. एकाच माणसात हे दोन्ही मजले गुण्यागोविंदाने नांदतात. विसंगती उघडकीस येईपर्यंत त्या माणसाला तिची टोचणीही लागत नाही. बुलाताओंचे निदान अचूक आहे आणि ते केवळ फिलिपिनो माणसालाच लागू पडते असे समजण्याचे कारण नाही. फादर अंगणात आल्यावर ज्या घरातील संभाषणाचा सूर एकाएकी बदलतो, त्या प्रत्येक घराला दोन मजले आहेत.

दुसरा ग्रंथ होसे दे मेसा या विवाहित, प्रापंचिक ईशज्ञान पंडितांचा आहे. ‘अँड गॉड सेड, बहाला ना!’ हे त्याचे नाव, प्रकाशन १९७९ चे. ‘बहाला ना’ हा फिलिपिन्समध्ये उठताबसता कानी पडणारा उद्गार आहे. परीक्षेला बसताना, परदेशी नोकरीला निघताना, वादळात होडी लोटताना तो सहज ओठांवर येतो. ‘होईल ते होईल’ असा त्याचा ढोबळ अर्थ. अनेक टीकाकारांनी या दोन शब्दांवर दैववादाचा शिक्का मारला होता. दे मेसा मात्र संस्कृतीच्या आत बसून, सहानुभूतीने तिचे शब्द ऐकतात. ‘बहाला’ या शब्दात जबाबदारीचाही अर्थ आहे. ‘बहाला आको’ म्हणजे ‘ते माझ्याकडे लागले’. काही भाषाभ्यासक या शब्दाचे मूळ संस्कृत ‘भार’ या शब्दात शोधतात. हे वाचले तेव्हा मी पुस्तक क्षणभर मिटून ठेवले. देवावर भार टाकणे हा तर आपल्याच बोलीतला प्रयोग!

पुस्तक मिटावे लागले, त्याला कारण होते. पुष्कळ वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका धर्मग्रामात असताना मासेमारीला गेलेला एक तरुण बुडाला. अंत्यविधीच्या वेळी मी परमेश्वरी योजनेविषयी सेमिनरीत शिकलेले सारे विवेचन केले. त्याची आई एवढेच म्हणाली, “फादर, मी आता त्याच्यावर सोडलंय. तोच बघील.” मला त्या शब्दांत ख्रिस्ती आशा दिसली नाही, दिसला तो केवळ नशीबवाद. पुढच्या रविवारी मी व्यासपीठावरून त्यावर टीकाही केली. ती माऊली तिसऱ्या बाकावर बसली होती. त्याच आठवड्यापासून ती मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजारात जाऊ लागली होती आणि दोन नातवंडांचे शिक्षण तिने अंगावर घेतले होते, हे मला फार उशिरा कळले. आपल्याला न पेलणारा भार तिने देवावर टाकला होता. पेलणारा स्वतः उचलला होता.

दे मेसांच्या नंतरच्या लेखनातील प्रभूच्या पुनरुत्थानाचे विवेचन मला सर्वांत मोलाचे वाटते. त्यासाठी ते ‘पागबाबांगोंग-दांगाल’ हा लोकांच्या तोंडचा शब्द घेतात. ‘बांगोन’ म्हणजे उठणे, ‘दांगाल’ म्हणजे मान, अब्रू. ज्याला गुन्हेगार ठरवून, विवस्त्र करून चारचौघांत क्रूसावर चढवले, त्याची धुळीला मिळवलेली अब्रू पित्याने पुन्हा उभी केली, असा हा अर्थ आहे. परक्या घरी धुणीभांडी करून अपमान गिळणाऱ्या स्त्रीला पास्काचा सण या शब्दाने जितका जवळचा होईल, तितका आमच्या तात्त्विक परिभाषेने होणार नाही. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’त मराठी शब्दांना शुभवर्तमान वाहावयास लावले, त्याच वाटेवरचे हे पाऊल आहे.

तथापि दे मेसांचे वाचन करताना एक शंका मनात घर करते. प्रत्येक लोकशब्दाचा सर्वोत्तम अर्थ शोधण्याच्या भरात त्याचा बाजारातला वापर दृष्टीआड होत नाही ना? ‘उतांग ना लोओब’, म्हणजे अंतःकरणापासून मानलेले ऋण, ही सुंदर भावना आहे. परंतु याच ऋणाची आठवण करून देऊन पुढारी गरिबाचे मत मागतो. २० डिसेंबर १९८७ रोजी ‘दोन्या पाझ’ ही प्रवाशांनी खचाखच भरलेली बोट एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि चार हजारांहून अधिक लोक प्राणास मुकले. क्षमतेबाहेर माणसे कोंबून बोट पाण्यात लोटणे आणि देवाचे नाव घेणे याला श्रद्धा म्हणता येणार नाही. ती आपल्या वाट्याचा भार देवाच्या माथी मारण्याची युक्ती आहे. येथे बुलाताओंचा खालचा मजला पुन्हा आठवतो. म्हणून हे दोन्ही ग्रंथ एकत्र वाचावेत, असे माझे मत आहे. शब्द कसा ऐकावा हे दे मेसा शिकवतात. तो उच्चारणाऱ्याचे हात त्या वेळी काय करीत आहेत, हे पाहण्याची सवय बुलाताओ लावतात.

८ नोव्हेंबर २०१३ च्या महावादळात फिलिपिन्समध्ये सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. १७ जानेवारी २०१५ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस ताक्लोबान येथे मिस्सा अर्पण करण्यास गेले, तेव्हाही वादळी पाऊस कोसळत होता. लोकांसारखाच पिवळा रेनकोट घालून ते वेदीपाशी उभे राहिले. लिहून आणलेले प्रवचन त्यांनी बाजूला ठेवले, आपल्यापाशी उत्तर नसल्याचे कबूल केले आणि क्रूसावरील प्रभूकडे व त्याच्या मातेकडे बोट दाखवले. माझ्या हातून त्या अंत्यविधीला जे झाले नाही, ते हे होते.

ती माऊली आज हयात नाही. तिची क्षमा मागण्याचे धैर्य मला वेळेवर झाले नाही. आता कोणी माझ्यासमोर “देवावर सोडलंय, फादर” असे म्हणाले की मी लगेच बोधवचन काढीत नाही. त्या माणसाने स्वतःच्या खांद्यावर काय घेतले आहे, हे आधी पाहतो आणि त्यातले थोडे मला उचलता येईल का, असे विचारतो.