भार कुणाचा, पाठ कुणाची

१६ डिसेंबर १९७२ रोजी सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा नाना फडणवीसांच्या भूमिकेत उभे राहिलेले मोहन आगाशे अवघे पंचवीस वर्षांचे होते. बी. जे. मेडिकलच्या वातावरणात वाढलेला हा तरुण उतारवयातला, मुरब्बी, रंगेल नाना करणार होता, आणि तोही कुठे? जिथे नानांनी नळानं पाणी आणून बांधवलेल्या हौदाची आठवण अजून निघते, जिथे साडेतीन शहाण्यांमधले म्हणून नानांचं नाव आदरानं घेतलं जातं, त्या पेठेत. समोर बसलेल्या प्रेक्षकाच्या मनात नानांची एक तसबीर आधीच लावलेली होती. तिच्यासमोर बावनखणीत पाय थिरकवणारा नाना आणायचा, हे धाडस लेखणीनं विजय तेंडुलकरांचं आणि दिग्दर्शनानं जब्बार पटेलांचं. पण ते अंगावर वागवायचं काम आगाश्यांचं होतं.

या नाटकाबद्दल बोलताना त्यातल्या माणसांच्या भिंतीबद्दल नेहमी बोललं जातं, आणि ते योग्यच आहे. ओळीनं उभे राहिलेले ब्राह्मण कधी पडदा होतात, कधी पुणं होतात, कधी पाठ फिरवून काहीच न पाहिलेले होतात. भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना यांनी ती भिंत सतत डोलती ठेवली. मात्र अशा समूहनाट्यात एकट्या नटाला मोठा धोका असतो. तो जोर लावायला गेला तर भिंतीच्या लयीतून निसटतो, आणि लयीत विरघळला तर नाना उरत नाही. आगाश्यांनी यातून जी वाट काढली ती मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीची किल्ली वाटते. त्यांनी नानाची सत्ता आवाजात ठेवली नाही, डोळ्यांच्या धाकात ठेवली नाही. ती ठेवली शरीराच्या वजनात: हा माणूस स्वतःचा भार कुठे टाकतो, कुणावर टाकतो, आणि टाकताना त्याला काय वाटतं.

बावनखणीतला प्रसंग घ्या. गुलाबीच्या माडीवर नाना रंगात येऊन नाचतात आणि पाय दुखावतो. तिथे पडेल ते काम करणारा परदेशी ब्राह्मण घाशीराम पुढे होतो, वाकतो, आणि त्या दुखऱ्या पायाला आपल्या पाठीचा आधार देतो. कंठा बक्षीस मिळतो, तो लगेच हिसकावूनही घेतला जातो, आणि नाटकाची सूत्रं खऱ्या अर्थानं हलू लागतात. संहितेत हा क्षण चार ओळींचा असेल. आगाशे त्याचा संपूर्ण राजकीय ग्रंथ करतात. पाय पाठीवर जातो तेव्हा नानाच्या चेहऱ्यावर माज नसतो. असतो तो आराम. दुखऱ्या पायाला टेकू मिळाला, बरं वाटलं, इतकंच. खाली माणूस आहे हे नानाला ठाऊक आहे, आणि त्यात त्याला नवल काहीच वाटत नाही. एखाद्या नटानं इथे भुवया उंचावल्या असत्या, पाय दाबून धरला असता, प्रेक्षकाला ‘बघा हा दुष्ट’ असं सुचवलं असतं. आगाशे तसं काही करत नाहीत. ते फक्त सैल होतात. त्या सैल होण्यातच पेशवाईच्या उत्तरार्धाची सगळी व्यवस्था दिसून जाते.

पुढे घाशीरामाला कोतवाली देऊन झाल्यावर नाना प्रेक्षकांशी मन मोकळं करतो. पुण्याच्या ब्राह्मणांवर परका माणूस कोतवाल म्हणून बसवला. करील तो आपल्या सोयीचं, निस्तरील तोच, आणि शिव्याही त्याच्याच वाट्याला येतील, असा हा हिशेब. आगाशे हे स्वगत खलनायकाच्या कबुलीसारखं घेत नाहीत. जवळच्या माणसाला घरचा व्यवहार समजावून सांगावा तसं सांगतात, मजेत, विश्वासानं. प्रेक्षक हसतो. हसला की तो नानाच्या बाजूचा झाला. मग त्याच प्रेक्षकाला शेवटी घाशीरामाचा दगडांनी होणारा अंत पाहावा लागतो, आणि त्यावर नाना उत्सव जाहीर करतो तेव्हा मघाशी आपण कशाला हसलो होतो ते त्याला आठवतं. नाना कुणालाही स्वतःच्या हातानं शिक्षा देत नाही. त्याचे हात शेवटपर्यंत स्वच्छ राहतात. हे स्वच्छ हात आगाश्यांनी फार नजाकतीनं सांभाळले आहेत.

पुण्यात या नाटकावरून काय गदारोळ झाला ते सर्वश्रुत आहे. नाटक सादर करणाऱ्या ‘पीडीए’ या संस्थेनं एकोणीस प्रयोगांनंतर ते थांबवलं, १९७३ साली कलावंतांनी बाहेर पडून थिएटर अकॅडमी स्थापन केली, १९७४ मध्ये नाटक पुन्हा उभं राहिलं आणि १९८० साली विरोधाला तोंड देत युरोपातही गेलं. या सगळ्या प्रवासात नाना आगाश्यांचाच होता. वयानं ते हळूहळू नानाच्या जवळ सरकत गेले, तरी रंगभूषेच्या आड जे पंचविशीत कमावलं होतं ते वजन बदललं नाही.

चित्रपटात आल्यावर त्यांना मिळालेल्या भूमिका आकारानं लहान-मोठ्या होत्या, पण वाया गेलेली क्वचितच. ‘सामना’मधला मारुती कांबळे पडद्यावर थोडाच वेळ दिसतो. तरी त्याचं पुढे काय झालं या एका प्रश्नावर निळू फुले आणि श्रीराम लागू यांच्यासारखे दोन दिग्गज अख्खा चित्रपट झुंजत राहतात. जो माणूस बहुतेक वेळ नाही, त्याची उणीव जाणवत राहावी इतका तो थोड्या दृश्यांत खरा व्हावा लागतो, आणि तो होतो. त्याच सुमारास श्याम बेनेगलांच्या ‘निशांत’मध्ये ते जमीनदाराचे भाऊ झाले आणि १९७७ च्या ‘जैत रे जैत’मध्ये डोंगराला भिडणारा ठाकर नाग्या. नानाचं सैल, खुशालचेंडू शरीर नाग्यामध्ये ताठ, चपळ, मातीला धरून चालणारं झालं. इथे भार टाकायला खाली कुणाची पाठ नाही. आहे तो लिंगोबाचा कडा, आणि तो स्वतःच्या पायांनीच चढायचा आहे.

यानंतर मात्र ज्या कामापाशी थांबावंच लागतं ते म्हणजे ‘सद्गती’. प्रेमचंदांच्या कथेवर सत्यजित राय यांनी १९८१ मध्ये दूरदर्शनसाठी केलेला हा जेमतेम तासाभराचा चित्रपट. त्यातला पंडित आगाश्यांचा आणि दुखी चांभार ओम पुरींचा. योगायोग पाहा: पंडिताचं नाव घासीराम. आणि १९७६ साली ‘घाशीराम कोतवाल’ पडद्यावर आला तेव्हा आगाश्यांच्या नानासमोर घाशीराम झाले होते तेही ओम पुरीच. म्हणजे ज्या दोन नटांनी वरचा आणि खालचा हे नातं एकदा अंगानं खेळून पाहिलं होतं, तेच पुन्हा समोरासमोर आले. या वेळी फरक असा की वरच्याला खालच्याचा स्पर्शही चालत नाही.

मुलीच्या साखरपुड्याचा मुहूर्त काढून द्या, एवढंच मागायला दुखी आलेला. पंडित त्याला अंगण झाडायला लावतो, भुसा वाहायला लावतो, आणि शेवटी गाठीचा ओंडका फोडायला बसवतो. आजारातून उठलेला, उपाशी दुखी त्या ओंडक्याशी झगडता झगडता कोसळतो. हे सारं चाललेलं असताना आगाश्यांचा पंडित काय करतो? जेवतो, पडतो, उठतो. दुखीवर त्याचा राग नाही. कामाला माणूस आला आहे, तर काम सांगितलं. नानाच्या चेहऱ्यावर पाय टेकताना जो आराम होता तोच इथे घरगुती होऊन आला आहे, आणि म्हणून अधिक भयंकर.

मग पहाटेचं दृश्य. दुखीच्या वस्तीतली माणसं प्रेत उचलायला येत नाहीत. शिवायचं तर नाही आणि प्रेत दारात ठेवायचंही नाही. पंडित एकटा जातो. काठीनं प्रेताचा पाय थोडा उचलतो, घोट्यात दोरीचा फास सरकवतो, आणि ओढू लागतो. या ओढण्यात आगाश्यांनी जे केलं आहे ते पुन्हा पुन्हा पाहण्यासारखं आहे. आयुष्यात ज्यानं जड काही ओढलेलं नाही अशा माणसाला धाप लागते, पाय घसरतात, पाठ वाकते. आदल्या दिवशी हेच सगळं दुखीच्या शरीराचं झालं होतं. दुसऱ्याच्या पाठीवर टाकलेला भार फिरून त्याच्याच हातात आला आहे, आणि तरीही त्याला काही कळलेलं नाही. तो परत येतो, ओंडक्याभोवती मंत्र म्हणत पाणी शिंपडतो. चेहऱ्यावर पश्चात्तापाची रेषही नाही. पश्चात्ताप दाखवला असता तर प्रेक्षक सुटला असता. आगाश्यांनी त्याला सुटू दिलं नाही.

ही निर्दय अचूकता आली कुठून? मला वाटतं, याचं उत्तर त्यांच्या दुसऱ्या व्यवसायात आहे. आगाशे मनोविकारतज्ज्ञ. बी. जे. मेडिकलमध्ये त्यांनी शिकवलं, पुण्यातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. मनाच्या डॉक्टरला समोरच्या माणसावर निकाल देऊन चालत नाही. तो जसा आहे तसा आधी ऐकून घ्यावा लागतो. नाना असो की पंडित, आगाशे त्यांच्यावर फिर्याद दाखल करत नाहीत. त्यांना आतून कसं वाटत असेल ते प्रामाणिकपणे दाखवतात आणि न्याय आपल्यावर सोपवतात. १९९० ची पद्मश्री, १९९६ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९९७ ते २००२ या काळातलं पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचं संचालकपद, बर्लिनहून मराठीत आणलेली मुलांसाठीची ‘ग्रिप्स’ नाट्यचळवळ, या सगळ्यामागे मला तोच ऐकून घेणारा डॉक्टर दिसतो.

तो डॉक्टर आणि तो नट अगदी एकजीव झालेले पाहायचे असतील तर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २०१३ चा ‘अस्तु’ पाहावा. डॉ. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे मोठे पंडित. विस्मरणाच्या आजारानं त्यांची विद्या, नाती, नावं एकेक करून निघून चाललेली. रस्त्यात हत्ती दिसतो आणि ते लहान मुलासारखे त्याच्यामागे निघून जातात. पुन्हा एक पंडितच, पुन्हा ज्ञानाचा अधिकार असलेला माणूस. पण आता सगळा भार दुसऱ्यावर. माहुताची बायको चन्नम्मा, म्हणजे अमृता सुभाष, त्यांना जेवू घालते, आणि ते तिला आई मानतात. आगाशे तिथे हात पुढे करतात तो मागण्यासाठी, आणि त्या हातात संकोच नसतो. भुकेल्या मुलाला संकोच नसतो तसा. नानाचा पाय जितका निःशंकपणे पाठीवर विसावला होता, तितक्याच निःशंकपणे हा म्हातारा एका अनोळखी बाईच्या मायेवर विसावतो. शरीराची हालचाल जवळजवळ तीच. अर्थ मात्र उलटा. पहिल्यात अहंकाराला दुसरा माणूस दिसत नाही, दुसऱ्यात अहंकारच गळून गेल्यामुळे दुसरा माणूस आईएवढा मोठा दिसतो.

‘कासव’मध्ये ते दत्ताभाऊ झाले. कोकणच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी जपणारा हा माणूस खचलेल्या तरुणाशी अवाक्षर जास्त न बोलता त्याच्या आसपास राहतो. ज्याच्या निर्मितीत आगाश्यांचा वाटा होता त्या या चित्रपटाला २०१६ सालचं सुवर्णकमळ मिळालं. इथे ते कुणावर भार टाकत नाहीत, कुणाचा उचलून घेण्याचा आवही आणत नाहीत. फक्त आधाराला जवळ उभे राहतात.

चरित्र अभिनेत्याचं कौतुक करताना आपण सहसा त्यानं किती रूपं घेतली ते मोजतो. आगाश्यांच्या बाबतीत ती मोजणी अपुरी पडते, कारण त्यांची भूमिका एकट्यानं पूर्ण होतच नाही. रंगभूमीवरच्या रमेश टिळेकरांचा घाशीराम, ओम पुरींचा दुखी, अमृता सुभाषची चन्नम्मा यांच्यावाचून नाना, पंडित आणि शास्त्री उभे राहत नाहीत. आणि हे आगाशे जाणतात म्हणून समोरच्याला पूर्ण जागा देतात. अर्ध्या शतकाच्या या कामातून त्यांनी आपल्याला पाहण्याची एक सवय लावली: माणूस काय बोलतो याच्या आधी तो आपलं ओझं कुणावर टाकतो ते पाहावं. नाटकाच्या रसिकाला ती उपयोगी आहेच. नागरिकाला तिची गरज त्याहून अधिक आहे.